प्रेझेंट सर! (पण डोकं कुठाय?)

खरं सांगा, कॉलेजातलं एखादं तरी लेक्चर तुम्हाला आज आठवतं का? कँटीन आठवतं. कटिंग चहा आठवतो. कुणाचं कुणाशी जमलं, कुणाचं फिसकटलं, ते तर तारीखवार आठवतं. पण लेक्चर? सर फळ्यासमोर उभे राहून नक्की काय सांगत होते? ब्लँक ना?

माझंही तसंच. नागपुरात चार वर्षं इंजिनीअरिंग केलं. मागून दुसरा बेंच, खिडकीजवळची जागा, जवळपास रिझर्व्ह्ड. ७५ टक्के हजेरीचं गणित मला जेवढं पक्कं यायचं, तेवढंच मॅथ्सही आलं असतं तर बॅकलॉग राहिला नसता! परीक्षेच्या आदल्या रात्री टॉपर मुलीच्या वह्यांची झेरॉक्स, पहाटे तीनला मॅगी आणि ‘या वेळी निघू दे रे देवा, पुढच्या सेमला नक्की’ हा नवस. चार वर्षं हाच फंडा. मी ‘प्रेझेंट सर’ म्हणायचे आणि ते काही खोटं नव्हतं. शरीर प्रेझेंट असायचंच.

हे सगळं आता आठवायची कारणं दोन. पहिलं म्हणजे ऑफिस सांभाळून मी एमबीए करतेय. रविवारी सकाळी नऊला क्लास. सारं पुणं गादीत लोळत असतं आणि आम्ही बॅग पाठीला लावून पुन्हा बेंचवर! फी यंदा बाबांच्या खिशातून नाही, माझ्या पगारातून जाते, तीही ईएमआयने. त्यामुळे प्रत्येक लेक्चर किती रुपयांना पडतं, हे मला अगदी नीट ठाऊक आहे. तरीही परवा लक्षात आलं की मी पुन्हा मागून दुसऱ्याच बेंचवर बसले होते. सवय, दुसरं काय!

दुसरं कारण म्हणजे माझी मामेबहीण. आमची धाकटी.

माझं आजोळ केळझरचं. नागपूरहून वर्ध्याला जाताना साधारण पन्नास किलोमीटरवर हे गाव लागतं. विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी एक सिद्धिविनायक इथला, त्यामुळे चतुर्थीला गर्दी. महाभारतातली एकचक्रानगरी ती हीच, असं गावातलं प्रत्येक माणूस तुम्हाला सांगणार. पांडव इथे राहिले, भीमाने बकासुराला मारलं ते इथेच. लहानपणी आम्हाला ही गोष्ट दर सुट्टीत एकदा तरी ऐकावी लागायची.

गेल्या दिवाळीत गेले तेव्हा घरात फराळाचा वास होता, पण वातावरण जरा टाइट. धाकटी वर्ध्याच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला. रोज सकाळी एसटीने जाते, दुपारी येते. घरातली कॉलेजात जाणारी पहिलीच मुलगी. आणि तिने जाहीर केलं होतं की दिवाळीनंतर कॉलेज बंद.

मामा मला अंगणात घेऊन गेले. ‘‘तिले तू सांग बाई. तू शिकेल हायेस. आमचं ते आयकत नाई.’’ सोयाबीन विकून आलेल्या पैशातून तिची फी भरली होती. ते त्यांनी सांगितलं नाही, मामीने सांगितलं.

मी धाकटीची वही मागितली. उघडली तर काय, मोत्यासारखं अक्षर! एकेका लेक्चरची चार-चार पानं, निळ्या पेनाने, मार्जिन आखून. माझ्या आयुष्यात मी एवढ्या नोट्स काढल्या नव्हत्या. एका पानावर बोट ठेवून विचारलं, ‘‘हे मोमेंट ऑफ इनर्शिया म्हणजे काय गं?’’

ती गप्प. मग हळूच म्हणाली, ‘‘मले काईच समजत नाई ताई. बाकीच्या पोरी लिवून रायल्या असते, म्हणून मीबी लिवून काढलं. बारावीपर्यंत सर इंग्लिश पुस्तकातलं मराठीत सांगत होते. आता धडाधड इंग्लिशमंधीच. मी ढ हाय, आनखी काय!’’

बॉस, हे ऐकून मला कसंतरीच झालं. कारण ती पहिल्या बाकावर बसणारी सिन्सियर मुलगी आणि मी मागच्या बाकावरची टाइमपास पार्टी, पण लेक्चरमध्ये दोघींचं झालेलं एकच होतं. मी न लिहिता गैरहजर, ती लिहिता लिहिता गैरहजर! फरक एवढाच की माझं निभावून गेलं. घरात इंग्रजी पेपर यायचा, क्लास लावायला पैसे होते, झेरॉक्स द्यायला मैत्रिणी होत्या. तिच्याकडे यातलं काहीच नाही. तिचं लेक्चर वाया गेलं की सोयाबीन वाया जातं. आणि त्याचा दोष ती स्वतःच्या डोक्याला देत होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी वर्ध्याला निघालो. निमित्त खरेदीचं. एसटीत खिडकीची जागा मिळाली. सेलू गेलं, आणि पवनारला धाम नदीचा पूल आला. नदीकाठी विनोबांचा आश्रम. या रस्त्याने मी शेकडो वेळा गेले असेन, पण त्या दिवशी डोक्यात एकदम ट्यूब पेटली. अरे, मराठीतल्या सगळ्यात फेमस लेक्चर नोट्स तर या माणसाच्या लेक्चरच्या आहेत!

गोष्ट १९३२ची. विनोबा तेव्हा धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथल्या कैद्यांसमोर दर रविवारी ते गीतेवर बोलायचे. २१ फेब्रुवारीला सुरुवात केली, १९ जूनला शेवट. अठरा रविवार, अठरा अध्याय. कॅलेंडर काढून मोजून बघा, एकही रविवार चुकलेला नाही. पोर्शन वेळेत कम्प्लीट म्हणतात तो असा! त्या कैद्यांमध्ये एक जण कागद-पेन घेऊन बसायचे, साने गुरुजी. विनोबा बोलत गेले, गुरुजी टिपत गेले. त्याचंच पुढे पुस्तक झालं, ‘गीता प्रवचने’. कितीतरी भाषांत ते गेलंय. तुरुंगात ना टेपरेकॉर्डर होता ना मोबाइल. गुरुजींनी लिहून घेतलं नसतं तर ती अठरा भाषणं त्या बराकीच्या भिंतींनी ऐकली आणि हवेत विरली, इतकंच उरलं असतं.

धाकटीला हे सांगितलं तर ती लगेच म्हणाली, ‘‘मंग मीबी तर सगळंच लिवून घेते ना!’’

पॉइंट होता. पण फरकही होता. साने गुरुजी त्या बराकीत कोरी पाटी घेऊन बसले नव्हते. ते एम.ए. झालेले, अमळनेरच्या शाळेत मुलांना शिकवलेले. गीता त्यांना नवी नव्हती. समोरचा माणूस काय सांगणार आहे याचा अंदाज असलेला माणूस टिपून घेतो तेव्हा ते टिपणं असतं. अंदाज नसलेला माणूस लिहितो तेव्हा ते नुसतं उतरवणं असतं. आणि उतरवायला डोकं लागत नाही, मनगट लागतं.

वर्ध्यापर्यंतचा उरलेला रस्ता आणि परतीचा सव्वीस किलोमीटरचा प्रवास आम्ही यावरच बोललो. मी चार वर्षांत जे केलं नाही ते तिला सांगत होते, आणि सांगता सांगता मलाच पटत होतं. मंडळी, तुम्हीही पार्टटाइम काहीतरी शिकत असाल, किंवा ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये एसीत जांभया देत असाल, तर वाचा. उपयोगी पडेल.

आधीची दहा मिनिटं

लेक्चरला जाण्याआधी तो विषय शिकून जायचा नाही. शिकवायला सर आहेतच! फक्त ओळख करून घ्यायची. पुस्तकातला तो धडा उघडायचा, मथळे आणि आकृत्या बघायच्या आणि पाच नवे शब्द काढायचे. शब्द इंग्रजी असला तर शेजारी मराठीत लिहायचं. मोमेंट ऑफ इनर्शिया म्हणजे जडत्व आघूर्ण. आता हा मराठी शब्दही तसा बाउन्सरच! म्हणून तिसऱ्या रकान्यात आपल्या भाषेत लिहायचं, ‘फिरणारी वस्तू फिरवायला किंवा थांबवायला किती जड जाते ते’.

हे एवढं केलं की लेक्चरमध्ये तो शब्द आला तर कान टवकारतात. लग्नात दोनशे अनोळखी चेहऱ्यांत एक ओळखीचा चेहरा दिसावा तसं. पाचही शब्द अनोळखी असले तर मेंदू सरळ दार लावून घेतो, आणि आपण म्हणतो ‘मी ढ’. ढ वगैरे काही नाही. ओळख झालेली नाही, इतकंच.

आणि सोबत एक प्रश्न न्यायचा. एकच. धाकटीला विचारलं, तुझ्या रोजच्या बघण्यातलं काय फिरतं? ती म्हणाली, बैलगाडीचं चाक. मग त्याच्या कडेला लोखंडी धाव बसवतात, तेव्हा चाक फिरवायला जड जातं ते नुसत्या वजनामुळे, की वजन कडेला असल्यामुळे? ती विचारात पडली. मी म्हटलं, उत्तर मी सांगणार नाही, सरांकडून घेऊन ये. (खरं म्हणजे मलाही रात्री पुस्तक बघावं लागलं. उत्तर : दोन्हींमुळे. पण वजन आसापासून किती लांब आहे, त्या अंतराचा वर्ग मोजला जातो. म्हणजे तेच लोखंड दुप्पट लांब ठेवलं तर चौपट भारी पडतं!)

लेक्चर चालू असताना

इथे कामाला येतो तो वॉल्टर पॉक नावाच्या प्राध्यापकांचा फंडा. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात ते विद्यार्थ्यांना अभ्यास कसा करायचा ते शिकवायचे. १९६२मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकामुळे ही पद्धत ‘कॉर्नेल नोट्स’ म्हणून जगभर गेली. एकदम सोपी आहे. पानाच्या डाव्या बाजूला रुंद पट्टी सोडायची. उजवीकडे लेक्चर चालू असताना लिहायचं, पूर्ण वाक्यं नाहीत, मुद्दे. डावी पट्टी कोरी ठेवायची. खाली चार ओळींची जागा तीही कोरी.

कोरी का? कारण डावीकडे नंतर आपण प्रश्न लिहायचे. उजवीकडचं वाचून, ‘हे कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे?’ असं स्वतःला विचारून. आणि खालच्या चार ओळींत आजच्या लेक्चरचं सार, आपल्या शब्दांत. मराठीत लिहा, वऱ्हाडीत लिहा, कुणी मार्क कापत नाही!

लॅपटॉपवर टाइप करावं की हाताने लिहावं, यावर २०१४मध्ये अमेरिकेतल्या दोन संशोधकांचा एक अभ्यास खूप गाजला. लॅपटॉपवाले भराभर शब्दन् शब्द टाइप करत होते, पण समजुतीच्या प्रश्नांत मागे पडले. नंतर इतरांनी तोच प्रयोग करून पाहिला तेव्हा एवढा स्पष्ट फरक दिसला नाही. त्यामुळे पेन की कीबोर्ड यावर भांडू नका. पण ऐकलेलं आपल्या शब्दांत करायचं काम चुकवू नका, ते दोन्हीकडे करावंच लागतं.

आणि हो, ‘रेकॉर्ड करून ठेवते, नंतर ऐकते’ ही शुद्ध थाप आहे. माझ्या मोबाइलमध्ये अशी अकरा रेकॉर्डिंग्ज पडून आहेत. एकही ऐकलेलं नाही. तुमच्याकडे किती आहेत?

नंतरची पंधरा मिनिटं

हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि आपण नेमकं हेच करत नाही. लेक्चर संपलं की वही मिटते, ती थेट परीक्षेला उघडते.

हर्मन एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग केले. निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करायच्या आणि किती वेळाने किती विसरलो ते मोजायचं. काय पण हौस! १८८५मध्ये त्याने ते छापलं. तासाभरातच निम्म्याहून जास्त गळून गेलेलं असायचं, नंतर गळती मंदावायची. आपली लेक्चर्स काही निरर्थक अक्षरं नसतात (काही काही असतात!), पण विसरण्याचा उतार सुरुवातीलाच सगळ्यात तीव्र असतो, हे आपल्यालाही लागू आहे.

मग उपाय काय? वही पुन्हा वाचणं? तिथेच तर गंमत आहे. रोडिगर आणि कार्पिक या दोन अमेरिकन संशोधकांनी २००६मध्ये दाखवलं की उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या परीक्षेत पुढे होते. पण आठवडाभरानंतर, वाचलेलं न बघता आठवून लिहिणारे त्यांच्या पुढे गेले. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि आपण म्हणतो, येतंय की! येत नसतं, फक्त ओळखीचं असतं.

म्हणून धाकटीला सांगितलं, परतीच्या एसटीत बसलीस की वही उघडायची नाही. वर्धा ते पवनार आज काय झालं ते आठवायचं. पवनार ते सेलू अडलेलं आठवायचं. सेलूनंतर वही उघडायची आणि सुटलेलं बघायचं. केळझरला उतरायच्या आत डाव्या पट्टीत तीन प्रश्न. एसटी हलते, अक्षर वाकडं येतं. येऊ दे. मोत्यासारख्या अक्षराने काय झालं ते बघितलंच ना आपण!

पुण्या-मुंबईतल्या मंडळींनी पवनारऐवजी आपापलं स्टेशन किंवा सिग्नल घ्यावा.

हात वर करायचा

आता एक गोष्ट फेअर असावी म्हणून सांगते. सगळा दोष ऐकणाऱ्यांचा नसतो. हार्वर्डला एरिक माझूर नावाचे फिजिक्सचे प्राध्यापक आहेत. आपण लई भारी शिकवतो, असं त्यांनाही वाटायचं. मग त्यांनी मुलांना गणितं न देता साधे समजुतीचे प्रश्न दिले. अवघड गणितं सोडवणारी मुलं त्यात गडबडली! मग १९९१पासून त्यांनी पद्धतच बदलली. मुलांनी वाचून यायचं, आणि वर्गात एक प्रश्न टाकून शेजाऱ्याला समजावून सांगायचं. २०१४मध्ये सव्वादोनशे अभ्यास एकत्र करून पाहिलेल्या एका मोठ्या पाहणीत दिसलं, की नुसतं लेक्चर ऐकणारी मुलं, वर्गात काहीतरी करणाऱ्या मुलांपेक्षा नापास होण्याची शक्यता दीडपट असते.

पण आपल्या सरांनी पद्धत बदलेपर्यंत थांबायला आपल्याकडे वेळ नाही. सेमिस्टर सहा महिन्यांचं! त्यामुळे जे आपल्या हातात आहे ते करायचं. शेजारच्या मुलीला दोन मिनिटं समजावून सांगायचं. आणि हात वर करायचा. इंग्रजी येत नसेल तर मराठीत विचारायचं. वर्गात नाही जमलं तर लेक्चर संपल्यावर दारात गाठायचं. ‘सर, मला काहीच समजलं नाही’ असं म्हणायचं नाही, त्यावर सरही काही करू शकत नाहीत. ‘सर, इथपर्यंत समजलं, या पायरीला अडले’ असं म्हणायचं. अडलंय कुठे हे सांगता आलं, म्हणजे निम्मं आलेलंच असतं.

धाकटी हे सगळं ऐकून म्हणाली, ‘‘पन ताई, एवढं रोज कोन करन?’’

तेव्हा मला आमचा गावचा बकासुर आठवला. आठवून बघा, त्या राक्षसाला रोज गाडाभर अन्न लागायचं, आणि गाडा घेऊन जाणारा माणूसही तो खायचा. सिलॅबस हा असाच प्राणी आहे. रोजचा गाडा रोज संपवला नाही तर परीक्षेच्या आदल्या रात्री तो तुम्हालाच खातो. मला एकदा खाल्लंय त्याने, मॅथ्सच्या पेपरला. धाकटी हसली. दिवाळीत पहिल्यांदा.

दिवाळी संपली, मी पुण्याला आले. ती कॉलेजला परत गेली की नाही, हे विचारायचं मला धाडस होत नव्हतं. तीन आठवड्यांनी तिचा फोटो आला मोबाइलवर. वहीचं पान. अक्षर वाकडंतिकडं, एसटीतलं. डाव्या पट्टीत तीन प्रश्न, त्यातल्या एकावर टिकमार्क, आणि शेजारी लिहिलेलं : ‘विचारलं. सर म्हनले चांगला प्रश्न हाय. धाव वाला.’

ती पास होईल का, किती मार्क पडतील, मला माहीत नाही. पहिलं सेमिस्टर अवघडच जाणार आहे. तीन आठवड्यांत इंग्रजी सुधारत नसतं. पण आता ती ‘मी ढ हाय’ म्हणत नाही, ‘इथे अडलं’ म्हणते. मामांचं सोयाबीन मार्गी लागतंय असं वाटतं.

उरलेल्या दोन प्रश्नांपैकी एक माझ्यासाठी होता, ‘ताई, तू कोणत्या बाकावर बसते?’

मंडळी, या रविवारी मी पुढून दुसऱ्या बेंचवर बसले. आदल्या रात्री दहा मिनिटं धडा चाळला होता, पाच शब्द काढले होते. सर बोलत होते आणि चक्क समजत होतं. एक प्रश्नही नेला होता. विचारायला हात वर केला तेव्हा छातीत धडधडत होतं, या वयात!

धाकटीला अजून उत्तर पाठवलेलं नाही. बेंचचा फोटोच पाठवणार आहे.

जाता जाता...

• आधी दहा मिनिटं : मथळे, आकृत्या, पाच नवे शब्द, एक प्रश्न.
• लेक्चरमध्ये : उजवीकडे मुद्दे, डावी पट्टी कोरी. शब्दन् शब्द उतरवू नका.
• त्याच दिवशी पंधरा मिनिटं : आधी न बघता आठवा, मग वही उघडा. डावीकडे प्रश्न, खाली चार ओळींचं सार.
• अडलं तर ‘कुठे अडलं’ ते सांगा. मराठीत सांगितलं तरी चालतं.
• मागून दुसरा बेंच : शक्यतो टाळा. खिडकी फार छान असते तिथे!